निब मोडलं की लगेच फाशी?

सिनेमात फाशी सुनावून न्यायाधीशांनी पेनाचं निब मोडलं, आईने हंबरडा फोडला आणि पुढच्याच शॉटमध्ये दोरखंड! अरे, मधली वर्षं कुठे गेली? सत्र न्यायालयाने सुनावलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय देताच येत नाही. मग सुप्रीम कोर्ट, फेरविचार, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. निर्भया प्रकरणात शिक्षा सुनावली सप्टेंबर २०१३ मध्ये, फाशी झाली २० मार्च २०२० ला. त्याआधी ठरलेली तारीख तीनदा टळली!

खटक्यावर हात असताना फाशी थांबवायला येणारा तो फोन तर डोक्यात जातो. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर किमान १४ दिवस द्यायचे, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच बजावलंय.

आणि तुरुंगातली तयारी? कैद्याच्या वजनाच्या दीडपट वाळूचं पोतं टांगून दोर तपासतात. किती खोल पडू द्यायचं, ते वजनावर ठरतं. खोली कमी पडली तर मान मोडत नाही, माणूस गुदमरत राहतो. जास्त झाली तर मुंडकंच तुटू शकतं. नंतर देह अर्धा तास तसाच लटकत ठेवतात. हे सगळं सोडून, सिनेमावाल्यांनो, तुम्हाला विजांचा कडकडाट कशाला लागतो?