डबल माणसं लावली म्हणजे सॉफ्टवेअर लवकर होतं का भो?

सध्या जळगाव-भुसावळच्या आयटीवाल्या पोरांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: "मोठा प्रोजेक्ट लेट झाला तर माणसं डबल करा, रिव्ह्यू बंद करा, टेस्टिंग शेवटी एकदाच उरका." खाली पन्नास अंगठे.

आधी माणसांचं बघू. रावेर-सावद्याकडे केळीची गाडी भरायला चारच्या जागी आठ मजूर लावले तर गाडी लवकर भरते, कारण घड उचलताना कोणी कोणाला काही विचारत नाही. कोडमध्ये विचारावंच लागतं. पाच जण असले तर बोलायच्या जोड्या 10, नऊ झाले की 36. आयबीएमच्या ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रोजेक्टवर हात पोळलेल्या फ्रेड ब्रुक्सने 1975 मध्येच लिहून ठेवलंय की लेट प्रोजेक्टात माणसं वाढवली की तो अजून लेट होतो. मी हे भोगलंय, आधीच्या कंपनीत ऐन रिलीजच्या तोंडावर चार नवे पोरं आणून बसवले आणि दिवसभर "दादा, बिल्ड का फुटतंय" (म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम का बनत नाही), "दादा, हा पासवर्ड कोणाकडे", आणि ज्या एकट्याला सगळं येत होतं तो आठवडाभर त्यांच्याच स्क्रीनसमोर उभा. तारीख हुकलीच. वाढवायचीत तर सुरुवातीला वाढवा ना.

रिव्ह्यूमुळे, म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासून पास करण्यामुळे, काम अडतं हे मात्र खरंय. पण अडतं ते एकाच साहेबाच्या दारात सगळ्यांची रांग लागते म्हणून. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) एकेका रिलीजला दहा-दहा हजारांच्या वर बदल येतात, तरी रिव्ह्यू बंद नाही केला, वाटून दिला: नेटवर्किंगचा मेन्टेनर (त्या भागाचा जबाबदार माणूस) वेगळा, फाइल सिस्टीमचा वेगळा, त्यांच्याकडून पास झालं की मग लिनक्स बनवणाऱ्या लिनस टॉरवल्ड्सकडे. आणि पॅच (एका वेळी पाठवलेला कोडमधला बदल) छोटा ठेवा बाबांनो, दोन हजार ओळींचा पॅच कोणी वाचत नाही, "ठीक वाटतंय" लिहून मोकळा होतो (मीपण).

राहिलं टेस्टिंग. कर्नलमध्ये नवा कोड घ्यायची मुदत दोनच आठवडे, आणि तोही बहुतेक आधी लिनक्स-नेक्स्टमध्ये (पुढच्या रिलीजचे बदल जिथे गोळा होतात ती कोडची प्रत) एकत्र करून तपासलेला, पुढचे साधारण सात-आठ आठवडे नुसती दुरुस्ती. बग कुठे घुसला ते शोधायला गिट बायसेक्ट आहे, दरवेळी मधला कमिट (कोडमध्ये नोंदवलेला एकेक बदल) तपासून उरलेले निम्मे करत जातं, 1000 कमिटमधून साधारण 10 तपासण्यांत नेमका कमिट सापडतो, पण त्यासाठी मधला प्रत्येक कमिट बिल्ड व्हायला पाहिजे. टेस्टिंग शेवटी उरकणाऱ्यांचे मधले निम्मे कमिट तर चालूच होत नाहीत, तिथे डोंबलाचं बायसेक्ट करणार?