एक स्टारला उत्तर : "एआरएम मशीन हँग होतं, पैसे वाया"

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमची तक्रार अशी की आमच्याकडे पैसे भरून घेतलेल्या एआरएम मशीनला (इंटेलपेक्षा वेगळ्या जातीचा प्रोसेसर) एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रामने, कनेक्टच होत नव्हतं, झालं तर तुमचा प्रोग्राम अडकून बसला, रिस्क-फाइव्हचा (आणखी एक प्रोसेसरची जात) बोर्ड रडत चालतो आणि वर आम्ही सुडो, म्हणजे अॅडमिनचे अधिकार, पण देत नाही.

कनेक्शनचं म्हणाल तर लॉगिनच्या प्रायव्हेट कीची फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवली होतीत, एसएसएच अशा कीला हातच लावत नाही, सीएचमॉड 600 करा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल, हे सपोर्टने तेव्हाच कळवलं होतं.

आता अडकण्याचं. कोडचा स्क्रीनशॉट तुम्हीच टाकलाय म्हणून बोलतोय, एरवी आम्ही कुणाच्या डिरेक्टरीत डोकावत नाही. गेटकॅरचं (सी भाषेत एकेक अक्षर वाचणारं फंक्शन) उत्तर तुम्ही कॅर, म्हणजे एका बाइटच्या, व्हेरिएबलमध्ये घेताय आणि ईओएफ, म्हणजे इनपुट संपल्याची खूण, येईपर्यंत लूप फिरवताय. ईओएफ म्हणजे -1. इंटेलच्या लिनक्सवर कॅर साइन्ड असतो, म्हणजे त्यात उणे आकडेही बसतात, म्हणून तिथे निभावतं, एआरएम लिनक्सवर तो अनसाइन्ड, उणे आकडे बसतच नाहीत, -1 चा होतो 255, तो -1 शी कधी जुळतच नाही, मग लूप बसतो फिरत घाण्याच्या बैलासारखा. व्हेरिएबल इंट (मोठा पूर्णांक) करा, सुटेल. आणि लॅपटॉपवर मस्त चालतं म्हणताय ना, तिथे फाइलमध्ये 255 चा बाइट टाकून बघा, अर्ध्यातच वाचणं थांबेल. म्हणजे मशीन खराब नाहीये हो, हे दिसावं म्हणूनच तर लोक आमच्याकडे येतात!

"क्यूईएमयूवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) फुकटात झालं असतं" हे या बगपुरतं खरंय, मान्य. पण थ्रेड्सचे (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे भाग) घोळ, म्हणजे एआरएमवर मेमरीतल्या रीड-राइटचा क्रम मागेपुढे होतो ते, इंटेलवरच्या क्यूईएमयूत बहुतेक वेळा दिसतच नाहीत, त्याला खरी चिपच लागते. तुमचं काम ओपन सोर्स असेल तर जीसीसी कंपाइल फार्मवर अर्ज करा, तिथे खरी मशीन फुकट मिळतात, आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

सुडो मिळणार नाही. एकाच मशीनवर बाकीचेही बसलेत, एकाने सिस्टिमची लायब्ररी बदलली की सगळ्यांचे बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवायची कामं, बोंबलतात. लागेल ते पॅकेज सांगा, आम्ही टाकून देतो.

रिस्क-फाइव्हचा बोर्ड चार कोअरचा आहे, स्लो आहेच, पेजवर तसं लिहिलंय. पण तुम्ही मेक डॅश जे (एकाच वेळी अनेक जॉब लावून बिल्ड करायची कमांड) पुढे आकडा न देता मारलंत, त्याने जॉबना लिमिटच राहत नाही, रॅम भरली आणि शेजारच्याचा बिल्डपण गेला. आकडा 4 द्या, टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) लावा आणि रात्री सोडा, तेव्हा गर्दी कमी असते. लॉगिन चालूच आहे तुमचं.