मालक, तेवढी सही द्या

खोली मिळणं अवघड नाही. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या बाजूला बेगमपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा असं नुसतं चालत सुटलं तरी दर दुसऱ्या लाइटच्या खांबावर चिठ्ठी दिसते. 'कॉट बेसिस.' 'फक्त विद्यार्थी.' 'फक्त फॅमिली.' 'पाणी भरपूर.' (ही शेवटची वाचून इथला माणूस हसतो आणि बाहेरचा फसतो.) अवघड असते ती मालकाची सही.

मी खोलीत राहतो हे मला माहीत असतं, मालकाला माहीत असतं, मेसवाल्या मावशींना माहीत असतं, गल्लीतल्या कुत्र्याला तर रात्री साडेअकरालाही माहीत असतं. सरकारला मात्र ते कागदावर लागतं. आणि कागदाचं नाव काढलं की मालकाला एकदम गावाकडचं काम आठवतं.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातला. एम.ए.ला इथं नंबर लागला तेव्हा माझा बेत साधा होता. शासकीय वसतिगृहात राहायचं, तिथंच जेवायचं आणि जमलं तर अभ्यास करायचा. पहिल्या यादीत नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत नव्हतं. तिसऱ्या यादीची वाट बघत मी बालाघाटच्या डोंगरासारखा स्थिर बसलो, पण ती लागलीच नाही. मग सीनियर पोरं म्हणाली, "येड्या, स्वाधार भर."

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध पोरापोरींसाठी 2016-17 पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये. आमच्या शहराला 51,000. त्यात जेवणाचे 28,000, राहण्याचे 15,000 आणि बाकी निर्वाहाचे 8,000. वर्षाचे बारा महिने धरले तर खोलीला महिना 1,250 पडतात. दहा धरले तर 1,500. म्हणून मी दहाच धरतो. उन्हाळ्याचे दोन महिने माझी भूक आणि झोप गावाकडं आईच्या खात्यावर जमा.

योजना चांगली आहे, यात वाद नाही. माझ्या ओळखीची निम्मी पोरं तिच्यावर शिकली. फक्त त्या योजनेच्या यादीत एक ओळ असते: 'भाडेकरारनामा.' बाकीचे कागद मी गोळा केले. जातीचा दाखला, अडीच लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँकेचं पासबुक, महाविद्यालयाचं बोनाफाइड. गोळा केल्यावर लक्षात आलं की 2023 साली आमच्याकडं दोन्ही जिल्ह्यांची नावं बदलली, पण कागदांना ते एकाच दिवशी कळलेलं नाही. आधारवर मी उस्मानाबादचा, उत्पन्नाच्या दाखल्यावर धाराशिवचा, प्रवेशाच्या पावतीवर छत्रपती संभाजीनगरातला आणि बँकेच्या शाखेवर औरंगाबादेतला. एका फायलीत चार जिल्हे. मी आयुष्यात पाहिलेत दोनच.

खिडकीवरच्या साहेबांनी फाइल चाळली आणि वर न बघता विचारलं, "राहता कुठं?"

"सध्या मित्राच्या खोलीवर."

"मग मित्राच्या मालकाची सही आणा."

"सर, मित्रच तिथं चोरून राहतो."

साहेबांनी आता वर बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, रोजचा कंटाळा होता. "करारनामा आणा," एवढं म्हणून त्यांनी पुढच्याची फाइल ओढली.

मग सुरू झाला सहीचा शोध. या शहराला 52 दरवाजांचं शहर म्हणतात. दगडी दरवाजांचं मला ठाऊक नाही, लोखंडी मात्र मी त्याहून जास्त वाजवलेत.

पहिले मालक बेगमपुऱ्यातले. स्वच्छ बनियन, कपाळाला गंध, हातात पेपर. खोली छान होती, खिडकीतून लांबवर मकबऱ्याचा एक मिनार दिसायचा. भाडं ठरलं. मी मनातल्या मनात कॉटसुद्धा लावून टाकली. मग काकांनी पेपराची घडी घातली.

"आडनाव काय म्हणालास?"

"गायकवाड."

"गायकवाड म्हणजे...?"

"गायकवाडच."

"नाही, तसं नाही. गायकवाड कुठले?"

"धाराशिवचे."

आता गायकवाड हे आडनाव म्हणजे एसटीची बस. त्यात कुणीही बसलेलं असतं. काकांची पंचाईत झाली. सरळ विचारावं तर बरं दिसत नाही, न विचारावं तर झोप लागत नाही. त्यांनी शेवटचा खडा टाकून पाहिला, "बडोद्याचे गायकवाड तुमच्यातलेच का?"

"काका, बडोद्याचा असतो तर 1,500 ची खोली बघत उन्हात फिरलो असतो का?"

ते हसले. मीही हसलो. कोंडी फुटली असं वाटून मी पिशवीतून करारनाम्याचा नमुना काढला आणि त्यांच्या हातात दिला. नमुन्याच्या माथ्यावर योजनेचं नाव ठळक अक्षरात होतं. आडनावानं जे अर्धा तास लपवलं होतं ते शीर्षकानं एका सेकंदात सांगून टाकलं. काकांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अरे, तुला सांगायचंच राहिलं," ते म्हणाले, "ही खोली मी पुतण्याला शब्द दिलाय." मिनार तिथंच राहिला.

दुसऱ्या ठिकाणी आडनाव कुणी विचारलं नाही. तिथले मालक रिटायर्ड होते आणि तत्त्वाचे होते. "राहा की. कितीबी वर्षं राहा. पण कागद नाही." का, तर एक, अॅग्रीमेंट केलं की भाडेकरू घर बळकावतो. दोन, भाडं कागदावर आलं की घरपट्टी वाढते. तीन, इन्कम टॅक्सवाले. मी म्हटलं, "काका, वर्षाचे पंधरा हजार बघायला इन्कम टॅक्सवाले पहाडसिंगपुऱ्याच्या चढावर येतील का?" ते म्हणाले, "तुला सरकार माहीत नाही." हे मात्र मला पटलं.

तिसऱ्या घरी एक मावशी होत्या, अगदी देवमाणूस. चहा दिला, पोहे दिले, कुठं म्हणशील तिथं सही करते म्हणाल्या. मला हुंदका यायचा बाकी होता. करारनाम्याला घरपट्टीची पावती जोडायची म्हणून त्यांनी कपाटातून ती काढली. घर सासऱ्यांच्या नावावर. सासरे जाऊन पंधरा वर्षं झालेली. मी तरी पावती घेऊन खिडकीवर गेलो.

"ज्याच्या नावावर घर, त्याचीच सही लागते."

"सर, ते वारलेत."

"मग मृत्यूचा दाखला जोडा."

"आणि सही?"

"सही तर लागणारच."

त्या रात्री मी मित्राच्या खोलीवर बराच वेळ छताकडं बघत पडलो होतो. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही चौघं, त्यातले कागदावर शून्य. योजनेला हजेरीची अट 75 टक्के. दिवसभर सही शोधावी तर हजेरी जाते, हजेरी लावावी तर सही मिळत नाही. मेसवाल्या मावशी महिन्याचे 2,800 मागायला लागल्या होत्या. म्हणजे 28,000 भागिले 10. सरकारचा आणि मावशींचा हिशेब इतका तंतोतंत जुळलेला पाहून मला भरून आलं होतं, पण उधारीवर.

चौथे मालक भावसिंगपुऱ्यातले. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आवाज अजून डिझेल इंजिनचा. मी गेट वाजवलं तर आतूनच विचारलं, "कुठला हाइस रं?"

"वाशीकडचा. धाराशिव जिल्हा."

गेट उघडलं. "सरमकुंडी फाटा?"

"त्याच्या अलीकडंच आमचं गाव."

काकांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं मी त्यांचा हरवलेला नातू आहे. सरमकुंडी फाट्यावर कुंथलगिरीचा खव्याचा पेढा मिळतो. आमच्या भागातून जाणारा माणूस तो घेतल्याशिवाय पुढं जात नाही. काकांनी सोलापूर रोडवर कितीतरी वर्षं गाडी मारली होती. "फाट्यावर गाडी लागली की मी आधी पेढा खायचो, मग चहा. प्यासिंजर बोंबलंना का!" आता शुगर निघाली. काकूंनी पेढा बंद केला. घरात गोड म्हणून आलं ते फक्त नातवाचं औषध.

"काका, करारनाम्याचं तेवढं..."

"करू की. सहीला काय भेतो का मी? जन्मभर लॉगशीटवर सह्याच केल्या."

त्या शनिवारी मी गावाकडं गेलो आणि येताना अर्धा किलो पेढे घेतले. इकडं माझी आई म्हणत होती, "अभ्यासाचं काय चाललंय?" मी म्हटलं, "चाललंय. आता पेढ्यांचा टप्पा आलाय." तिला वाटलं पास झालो.

काकांना पेढे गच्चीवर दिले, पाण्याच्या टाकीआड. दोन तिथंच संपवले, बाकीचे जुन्या हेल्मेटमध्ये ठेवले. मग मी पाचशेचा बाँड काढला. ऑक्टोबर 2024 पर्यंत हेच काम शंभरच्या बाँडवर होत होतं, मी तेवढाच उशिरा जन्मलो. काका बाँडकडं बघत म्हणाले, "सही मी केली असती रं. पण घर हिच्या नावावर हाय."

पेढे चुकीच्या माणसाच्या पोटात गेले होते.

काकू. त्यांच्याशी तोवर माझं बोलणं 'चप्पल बाहेर काढ' एवढंच झालेलं. शिवाय काकांना पेढे देणारा तो मीच, हे त्यांना कळलं तर सही राहू द्या, चप्पलही बाहेर राहिली नसती. मी दुसरी वाट धरली. कागद नसला तरी काकांच्या वरच्या खोलीत मी राहायला आलोच होतो. इथं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, आणि येतं तेव्हा माणसाची सोय बघून येत नाही. पैठणला नाथसागर काठोकाठ भरलेला असो नाहीतर तळ दिसत असो, आमचा नळ आपल्या मनाचा. रात्री अडीचला नळ खोकला की मी उठायचो. मोटर लावायची, पाइप धरायचा, खालचा हौद, वरची टाकी, पिंप, बादल्या, शेवटी तांब्यासुद्धा. तीन पाणी मी असे भरले. इथं दिवस असेच मोजतात, तीन पाणी म्हणजे जवळजवळ महिना.

तिसऱ्या पाण्याला काकू मागं येऊन उभ्या राहिल्या. "आण तो कागद."

मला वाटलं सही करून टाकतील. काकूंनी चष्मा लावला, दिव्याखाली बसल्या आणि अख्खा करारनामा वाचून काढला. हा कागद कुणी पूर्ण वाचतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. लिहिणाऱ्यानंही वाचला नसेल. "हे अकरा महिनेच कामून?" मी सांगितलं, तशीच पद्धत आहे. "मग बाराव्या महिन्याला तू कुठं राहतो?" याला उत्तर नव्हतं. "आन हे बघ, यात गेट दहाला बंद होतं ते लिहिलंच नाही. घाल. मोटर लावायची ती कुणी? तू. घाल. आन ह्यांना गोडधोड आणून द्यायचं नाही." मी काकांकडं बघितलं. काका पंख्याकडं बघत होते. "हेल्मेट धुवायला काढलं होतं मी," काकू म्हणाल्या.

टायपिस्टनं तिन्ही अटी निमूटपणे टाइप केल्या. कोर्टासमोरच्या त्याच्या टेबलावर याहून चमत्कारिक कागद येऊन गेले असावेत. काकूंनी प्रत्येक पानावर सही केली, एकेक अक्षर सुटं, शेताच्या बांधावर दगड मांडावेत तसं. खिडकीवरच्या साहेबांनी करारनामा उलटापालटा केला, गोडधोडाच्या अटीवर येऊन थांबले, मान हलवली आणि शिक्का मारला. मी सरकारदरबारी राहायला लागलो.

पैसे परीक्षेच्या तोंडावर आले. तोवर काका रोज सकाळी मला विचारायचे, "आलं का रं स्वाधार?" माझ्याहून त्यांनाच घाई. आडनाव त्यांनी मला अजून विचारलेलं नाही. ते मला 'वाशी' म्हणतात. काकूंनी करारनाम्यात वाचलं असणार, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मोटरची वेळ आली की वरच्या मजल्याकडं तोंड करून हाक मारतात.

या जूनमध्ये सुट्टीवरून परत आलो तर गेटवर नवी पाटी. काकूंच्याच सुट्या सुट्या अक्षरांत: 'खोली भाड्याने देणे आहे. विद्यार्थी चालतील. सही मिळेल.' खाली सहा-सात पोरं फायली घेऊन उभी. मी कौतुकानं काकूंना म्हटलं, लई बरं केलंत. काकू म्हणाल्या, "तुझं भाडं या महिन्यापासून 1,700."

"दोनशे कशाचे काकू?"

"सहीचे."