दारूचा वास दहा मिनिटांत जात नाही: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

दारू प्यायल्यानंतर तोंडाला येणारा वास दहा मिनिटांत घालवण्याचे 'रामबाण' उपाय सांगणारा एक संदेश पुन्हा पुन्हा मोबाइलवर येत असतो. प्रत्येक वेळी शब्द थोडे बदलतात, उपायांचा क्रम मागेपुढे होतो, पण आशय तोच राहतो. दारूचा वास तोंडातून येतो, म्हणून लवंग, पुदिना, कच्चा कांदा किंवा माउथवॉश वापरून तोंड साफ करावे. काळी कॉफी आणि गार पाण्याची आंघोळ यांनी नशाही उतरते. घाम काढला की उरलीसुरली दारू बाहेर पडते. श्वास रोखून धरला किंवा जिभेखाली तांब्याचे नाणे ठेवले तर पोलिसांच्या यंत्रालाही काही कळत नाही. आणि एवढे करूनही काही राहिलेच, तर रात्रीच्या झोपेनंतर सकाळी माणूस कोरा होतो. वास, यंत्रावरचा आकडा आणि नशा या तीन वेगळ्या गोष्टी या संदेशात एकाच पुडीत बांधलेल्या आहेत, आणि त्यामुळेच तो वाचायला पटतो.

संदेशाचा सारा डोलारा पहिल्या विधानावर उभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. घोट गिळल्यावर काही मिनिटे तोंडात आणि घशात दारूचा अंश राहतो, हे खरे आहे. पण तो लाळेबरोबर लवकरच निघून जातो. त्यानंतर तासन्‌तास जो वास येत राहतो त्याचा उगम रक्तात असतो. पोटातून थोडी आणि लहान आतड्यातून बहुतेक दारू रक्तात शोषली जाते. शरीरातले जवळजवळ सगळे रक्त, म्हणजे सुमारे ५ लिटर, विश्रांतीच्या अवस्थेतही दर मिनिटाला एकदा फुप्फुसांतून फिरून जाते. तेथील कोट्यवधी वायुकोशांच्या अतिशय पातळ भिंतींतून कार्बन डायऑक्साइड जसा हवेत उतरतो, तशीच रक्तातली दारूही उतरते आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर येते. प्यायलेल्या दारूपैकी साधारण २ ते १० टक्के भाग असा श्वास, लघवी आणि घाम यांवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो आणि उरलेला बहुतेक भाग यकृत पचवते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आडात आहे तोवर पोहऱ्यात येत राहणार, आणि पोहरा कितीही घासला तरी त्यात फरक पडणार नाही.

ज्याला आपण 'दारूचा वास' म्हणतो तो सगळा अल्कोहोलचा नसतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. शुद्ध इथाइल अल्कोहोलचा वास तुलनेने सौम्य असतो; बिअर, वाइन किंवा व्हिस्कीचा ओळखू येणारा दर्प बराचसा त्या पेयातल्या इतर बाष्पशील द्रव्यांमुळे येतो. म्हणून व्होडकाला 'वास येत नाही' असे सांगितले जाते. ते कमी वासाबद्दल खरे असले, तरी रक्तातल्या प्रमाणाबद्दल काहीच सांगत नाही. यकृतात अल्कोहोलचे विघटन होताना प्रथम अॅसिटाल्डिहाइड हे उग्र वासाचे रसायन तयार होते. शिवाय दारूमुळे लघवी जास्त होऊन शरीरातले पाणी कमी होते, तोंड कोरडे पडते, लाळ घटते, आणि जिवाणूंमुळे येणारी नेहमीची दुर्गंधी त्यात मिसळते. या शेवटच्या भागापुरते दात आणि जीभ घासणे, पाणी पिणे आणि काही खाणे यांचा खरोखर उपयोग होतो. संदेशाला द्यायचे श्रेय एवढेच.

लवंग आणि पुदिना मूळ वास घालवत नाहीत, त्यावर दुसरा वास चढवतात. जवळ उभ्या असलेल्या माणसाला मग दोन्ही वास येतात, आणि अवेळी आलेला लवंगेचा घमघमाट स्वतःच संशयाला निमंत्रण देतो. कांद्या-लसणाचा सल्ला तर स्वतःलाच खोडून काढतो. लसणातल्या गंधकयुक्त संयुगांपासून तयार होणारा अॅलिल मिथाइल सल्फाइड हा पदार्थ रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर येतो, आणि म्हणूनच दात घासल्यानंतरही लसणाचा वास पुढे कित्येक तास टिकतो. ज्याला हे अनुभवाने ठाऊक आहे त्याने दारूच्या वासासाठी मात्र तोंड धुण्यावर भिस्त ठेवावी, हे नवलच म्हणायचे. माउथवॉशचा घोळ आणखी वेगळा आहे. अनेक माउथवॉशमध्ये अल्कोहोलच असते, काहींत ते २० टक्क्यांहून अधिक असते. यंत्रात फुंकण्याच्या अगदी आधी अशा द्रवाने चूळ भरली, तर तोंडातल्या त्या ताज्या अल्कोहोलमुळे आकडा वर जातो. हा परिणाम साधारण १५ मिनिटांत ओसरतो, आणि म्हणूनच काटेकोर चाचणीपूर्वी तेवढा वेळ काहीही तोंडात न घेता थांबवून ठेवण्याची पद्धत आहे.

कॉफीचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. कॅफिनमुळे झोप उडते, पण यकृतातली विकरे त्यामुळे वेगाने काम करू लागत नाहीत. रक्तातली दारू दर १०० मिलिलिटरमागे ताशी सुमारे १५ मिलिग्रॅम या गतीने कमी होते. व्यक्तीनुसार ही गती थोडी कमीअधिक असते, पण प्यायलेले प्रमाण जास्त आहे म्हणून ती वाढत नाही, कारण हे काम करणारी विकरे थोड्याच दारूने पूर्ण क्षमतेला पोहोचलेली असतात. कॉफी पिऊन होते ते इतकेच की, झिंगलेला पण पेंगुळलेला माणूस झिंगलेला पण जागा होतो. त्याची प्रतिक्रिया मंदावलेलीच असते, अंतराचा अंदाज चुकतच असतो; फक्त आपण ठीक आहोत असा त्याचा समज पक्का होतो. गार पाण्याच्या आंघोळीचेही तेच. फार प्यायलेल्या माणसाला गार पाण्याखाली उभे करणे तर धोक्याचे आहे, कारण दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीरातली उष्णता आधीच निसटत असते, शिवाय तोल जाऊन पडण्याची भीती असतेच.

घामाबद्दल फार लिहायला नको. घामावाटे जाणारी दारू अत्यल्प असते आणि धावून किंवा वाफेत बसून घाम काढल्याने शरीर आणखी कोरडे पडते. मुद्दाम उलटी काढण्याचा सल्लाही कधी कधी जोडलेला असतो. त्याने पोटात उरलेले बाहेर येईल, रक्तात गेलेले येणार नाही, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत उलटी गेली तर जीव जाऊ शकतो.

आता यंत्र. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या पोलीस दलात काम करणारे रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये जे श्वासविश्लेषक यंत्र तयार केले, त्यात पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणातून श्वास सोडला जाई आणि अल्कोहोलमुळे त्या द्रावणाचा रंग किती उतरला हे मोजले जाई. आजच्या यंत्रांत इंधन-घटासारखा विद्युतरासायनिक संवेदक किंवा अवरक्त किरण वापरतात. यांतले एकही यंत्र वास घेत नाही. ते अल्कोहोलचे रेणू मोजते, त्यामुळे लवंगेचा सुगंध त्याच्या हिशेबातच नसतो. सुमारे २१०० मिलिलिटर खोल श्वासात जेवढी दारू असते तेवढीच १ मिलिलिटर रक्तात असते, असे गृहीत धरून ही यंत्रे रक्तातला आकडा काढतात. म्हणूनच दीर्घ आणि सलग फुंकायला लावतात, जेणेकरून हवा फुप्फुसांच्या तळातून यावी. श्वास रोखून धरण्याची युक्ती तर अंगलट येते: हवा वायुकोशांत जास्त वेळ राहिली की तिच्यात दारू अधिक उतरते आणि आकडा वाढतो. तांब्याच्या नाण्याचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नाही.

येथे एक गोष्ट ओघाने सांगणे आवश्यक आहे. श्वासाला फळांसारखा, गोडसर आंबूस वास येणारा आणि बोलणे अडखळणारा माणूस प्यायलेलाच असेल असे नाही. मधुमेह फार बिघडून रक्तात कीटोन साचले तरी असा वास येतो आणि त्या माणसाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. वासावरून 'पिऊन आला आहे' असा शिक्का मारणे हेही वास लपवण्याइतकेच अविचाराचे आहे.

राहता राहिली रात्रीची झोप. झोपेत यकृताचा वेग वाढत नाही, तेव्हा हिशेब घड्याळाचाच करावा लागतो. समजा, रात्री १२ वाजता एखाद्याच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे १५० मिलिग्रॅम दारू आहे आणि सगळी शोषली गेलेली आहे. ताशी १५ च्या गतीने सकाळी ७ वाजता त्याच्या रक्तात अजून ४५ मिलिग्रॅम उरते. वाहनचालकांसाठी अनेक देशांत ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि काही देशांत ती अवघी २० आहे, म्हणजे दाढी-आंघोळ उरकून ताजातवाना दिसणारा हा माणूस काही ठिकाणी कायद्याच्या दृष्टीने अजून मद्यधुंदच ठरतो. त्याने जीभ घासावी, भरपूर पाणी पिऊन न्याहारी करावी आणि रात्रीचे सांडलेल्या दारूचे कपडे धुवायला टाकावेत. त्या बाह्य भागाचा वास जाईल. रक्तातली दारू संपायला दहा वाजतील, आणि ज्याचे यकृत थोडे सावकाश चालते त्याला दुपारही होऊ शकते.