पकडले गेलात? अभिनंदन!

सगळ्यात आधी, घाबरायचं नाही. गोव्यात पकडलं जाणं आणि शिक्षा होणं ह्यात म्हापसा ते काणकोण एवढं अंतर आहे आणि मधला रस्ता खोदलेला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येईल, टेबलावर चरसची पाकिटं, मागे काळा बुरखा घातलेले तुम्ही, बाजूला छाती काढून साहेब. अख्ख्या केसमधला तुमचा सगळ्यात वाईट दिवस तोच.

माल बॅगेत नको, खिशात ठेवा. हसू नका, कायदा आहे. अंगझडती घ्यायची तर एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा तुम्हाला हक्क आहे हे आधी सांगावं लागतं, विसरले तर केस ढिली, आणि बॅगेला ते लागू नाही असं सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये सांगून टाकलंय. तेव्हा किलोहून जास्त चरस, म्हणजे किमान 10 वर्षांचा माल, मावेल अशी पँट शिंप्याकडून शिवून घ्या.

पुढचं पंच बघतो, म्हणजे झडतीला साक्षीदार म्हणून पोलिसांनी उभा केलेला माणूस. माझा चुलत भाऊ पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, शुक्रवारच्या बाजारात स्टँडवर उभा होता, 'पाच मिनिटांचं काम आहे रे' म्हणून पोलिसांनी पंच करून नेला तो रात्री दोनला सोडला, भाडी बुडाली ती बुडालीच. सहा वर्षांनी समन्स. वकील विचारतो, पाकिटावरची लाख लाल होती की चॉकलेटी, वजनकाटा कोणी आणलेला? हा म्हणाला, सायबा, लग्नात बायकोने कसली साडी नेसलेली ते पण आठवत नाय. झाला फितूर! संशयाचा फायदा तुम्हाला, तारखांचा खर्च त्याला.

आता 1 जुलै 2024 पासून झडतीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं झालंय म्हणा, पण मोबाइलची बॅटरी पण पंचच, ऐन वेळी मान टाकते.

एक चूक मात्र करू नका, गरीब असू नका. नारळ चोरलात, 5000 च्या आतली पहिलीच चोरी, माल परत दिलात तर नव्या भारतीय न्याय संहितेत शिक्षा काय तर समाजसेवा. पण जामीनदार नाही ना? मग खटला चालू असताना कोलवाळच्या जेलात अडकू शकता. कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की पहिल्यांदाच अडकलेल्याला सोडायचं, अर्ज जेल अधीक्षकाने करायचा, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 479 आहे. वाट बघा.

भावाचं म्हणाल तर त्याने स्टँड बदललाय, आणि पोलिसांची जीप दिसली की बसल्या बसल्या हेल्मेट घालतो, काच पण खाली.