कारखाना काढताय? मग हे वाचाच

कारखाना काढताय? अभिनंदन! काय बनवणार, हा प्रश्न इतक्यात नको. आधी कोणाच्या नावावर काढायचा ते ठरवा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला शहरात १५ टक्के अनुदान मिळतं. तोच कारखाना गावाकडे, बायकोच्या नावावर गेला की ३५ टक्के. म्हणजे २० लाखांच्या प्रकल्पाला ७ लाख अनुदान, पदरचा फक्त १ लाख आणि बाकी बँकेचं कर्ज. आपण उद्योजिका झालोय हे वहिनींना सहीपुरतं कळलं तरी पुरे.

प्रोजेक्ट रिपोर्ट स्वतः लिहीत बसू नका, तयार मिळतो. फक्त तुमच्या पत्रावळीच्या धंद्यात मागच्या गिऱ्हाइकाची मिरची राहिली नाही ना, तेवढं बघून घ्या. कोटेशन देणारा डीलर समजूतदार हवा. यंत्र जुनं असलं तरी बिल नवं असतं.

आता सरकारची करडी नजर. अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं आणि प्रत्यक्ष पाहणी झाली की कर्जखात्यात वळतं. तोवर हप्ते भरा. ते कुठल्या धंद्यातून भरता, हे बँक विचारत नाही. पाहणीच्या आदल्या रात्री यंत्राच्या पॅनेलवरचं प्लास्टिक सोलून काढा. सकाळी दोन भाच्यांना अ‍ॅप्रन घालून उभं करा, शंभरेक द्रोण पाडा, थोडे जमिनीवरही सांडू द्या. उत्पादन जोरात दिसतं. योजनेचा फलक पुसून ठेवा. साहेब अक्षांश-रेखांशासकट फोटो काढतील. शेड कुठे आहे हे उपग्रहाला कळतं, शेडमध्ये काय चालतं हे कळत नाही. तीन वर्षांची वीजबिलं मागितली तर निम्मी पाहणी टेबलावरच उरकेल, पण हे तुम्ही कशाला सुचवताय?

एकच पथ्य पाळा: खरोखर माल काढू नका. तुमच्या शेजारच्याने तो वेडेपणा केला. थ्री-फेजसाठी खेटे घातले, लग्नसराईत रात्रपाळी केली, उधारीवर माल दिला, वसुलीसाठी केटररच्या दारात बसला. पाहणीच्या दिवशी नेमका त्याचा साचा झिजून दुरुस्तीला गेला होता. त्याच्या अहवालात शेरा पडला, ‘युनिट बंद’. तुमच्या अहवालात ‘युनिट कार्यरत, प्रगती समाधानकारक’.