कोव्हेंट्री सिटी हा शिलाई मशीनवाल्यांचा क्लब नव्हे

“तुमच्या आजीच्या घरातलं सिंगर मशीन आठवतं? त्याच कंपनीने इंग्लंडमध्ये मोटारी बनवल्या, मोटारींच्या पैशातून कोव्हेंट्री सिटी हा फुटबॉल क्लब काढला आणि आज तीच कंपनी कॅलिफोर्नियात कोट्यवधींच्या पोर्श तयार करते.” अशा आशयाचा मजकूर फुटबॉलच्या आणि जुन्या गाड्यांच्या ग्रुपांवर फिरत असतो. शिलाई मशीन, मोटार आणि चेंडू अशा तिन्हींची चित्रं एकत्र लावलेली असतात, त्यामुळे पटकन खरंही वाटतं. पण त्यातला आजीच्या मशीनचा उल्लेख सोडला तर बाकी काहीही टिकत नाही.

“त्याच कंपनीने मोटारी बनवल्या.”

नाही. शिलाई मशीनचा सिंगर म्हणजे आयझॅक मेरिट सिंगर, अमेरिकन. त्याने १८५१ साली पेटंट घेतलं आणि न्यूयॉर्कमधून धंदा वाढवला. ब्रिटनमधला या कंपनीचा अवाढव्य कारखाना होता स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकला. तो १८८५ साली सुरू झाला आणि १९८० साली बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही ‘सिंगर’ आहे.

कोव्हेंट्रीचा सिंगर म्हणजे जॉर्ज सिंगर, डॉर्सेटमध्ये जन्मलेला इंग्रज. ग्रिनिचला जॉन पेन यांच्या जहाजांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात तो काम शिकला आणि १८७०च्या दशकाच्या मध्यावर त्याने कोव्हेंट्रीत स्वतःचा सायकलींचा कारखाना काढला. फुटबॉल क्लब निघाला तो याच कारखान्यातून, आणि पुढे मोटारीही इथेच बनल्या. या दोन सिंगरांच्या कंपन्या कधीच एक नव्हत्या.

घोळ होण्याची कारणं मात्र खरी आहेत आणि ती या मजकुरापेक्षा कितीतरी जास्त वाचण्यासारखी आहेत. कोव्हेंट्री हे रेशमी फितींचं आणि घड्याळांचं गाव. १८६० साली फ्रान्सशी व्यापार करार झाला, फ्रेंच मालावरची जकात गेली आणि फिती विणणाऱ्यांचा धंदा बसला. नेमक्या त्याच सुमाराला जेम्स स्टार्ली नावाचा हरहुन्नरी माणूस तिथे आला. जॉन पेन यांच्या बागेत माळीकाम करताना त्याने घरातलं बिघडलेलं शिलाई मशीन दुरुस्त केलं होतं आणि तिथूनच त्याची शिलाई मशीनच्या धंद्यातल्या जोसाया टर्नरशी गाठ पडली होती. दोघांनी मिळून कोव्हेंट्रीत शिलाई मशीनची कंपनी उभी केली. टर्नरचा पुतण्या पॅरिसहून ‘व्हेलोसिपीड’ ही सुरुवातीच्या काळातली सायकल घेऊन आला, फ्रान्ससाठी तशा दुचाक्या बनवण्याचं काम मिळालं आणि १८६९ साली कंपनीने नावातून शिलाई मशीन काढून टाकलं. पुढच्याच वर्षी फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं, फ्रान्सची बाजारपेठ मिळेना, म्हणून माल इंग्लंडमध्येच विकावा लागला. इंग्लंडच्या सायकल उद्योगाने मूळ धरलं ते असं. जॉर्ज सिंगर याच कारखान्यात काम करून बाहेर पडला होता.

म्हणजे कोव्हेंट्रीच्या सायकली शिलाई मशीनच्या कारखान्यातून निघाल्या हे अगदी खरं. फक्त ती मशीनं सिंगरची नव्हती. त्यात भर म्हणजे आयझॅक सिंगर उतारवयात इंग्लंडला येऊन राहिला आणि १८७५ साली डेव्हनमधल्या पेन्टनला वारला. त्याचा मुलगा मॉर्टिमर पुढे बलून आणि विमानं उडवण्यासाठी नावाजला गेला. एकाच काळात, एकाच देशात एकाच आडनावाची दोन घराणी. गैरसमज समजू शकतो, पण तो पुढे ढकलत राहण्याचं कारण नाही.

“कॅलिफोर्नियातली सिंगर ही तीच कंपनी.”

तीही नाही. जुन्या पोर्श ९११ नव्याने घडवणारी ती कंपनी रॉब डिकिन्सन या माजी गायकाने २००९ साली सुरू केली. नावात त्याच्या गायकीची आठवण आहे आणि पोर्शचे अभियंते नॉर्बर्ट सिंगर यांना मानवंदनाही. कोव्हेंट्रीशी संबंध शून्य.

“मोटारींच्या पैशातून क्लब काढला.”

इथे नुसत्या तारखा मांडल्या तरी पुरे. क्लब स्थापन झाला १८८३ साली. त्या वेळी पेट्रोलवर चालणारी मोटार कोणी विकतच नव्हतं. जॉर्ज सिंगरच्या कारखान्यात तेव्हा उंच चाकाच्या सायकली आणि तीनचाक्या बनत. चाकात बसवायचं इंजिन तिथे आलं विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि चारचाकी गाडी १९०५ साली. क्लबने तर १८९८ मध्येच ‘सिंगर्स’ हे आपलं मूळ नाव टाकून ‘कोव्हेंट्री सिटी’ हे नाव घेतलं होतं. म्हणजे कंपनीची पहिली मोटार रस्त्यावर आली तेव्हा क्लबच्या नावात सिंगर उरलाच नव्हता!

मोटारींचा इतिहास त्यानंतरचा, आणि तो चांगला दमदार आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ऑस्टिन आणि मॉरिसच्या खालोखाल सिंगरचंच नाव होतं. १९३३ साली एक लिटरपेक्षाही लहान इंजिनाची सिंगर नाइन ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत टिकून राहिली. दोनच वर्षांनी उत्तर आयर्लंडमधल्या आर्ड्सच्या शर्यतीत संघाच्या गाड्या स्टीअरिंगमधल्या दोषामुळे एकाच टापूत लागोपाठ आदळल्या, आणि कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतलं. १९५६ साली तिला रूट्स समूहाने विकत घेतलं. त्याचा सर्वेसर्वा बिली रूट्स तरुणपणी याच सिंगरमध्ये उमेदवारी करून गेला होता. आपल्याकडचा धागा शोधायचाच तर तो रूट्सपाशी सापडतो. मुंबईत १९४९ साली ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया सुरू झाली ती रूट्सच्याच पुढाकाराने, आणि पुढे याच एपीआयने भारतात लॅम्ब्रेटा स्कूटर बनवल्या. सिंगर हे नाव गाड्यांवरून १९७० साली गेलं.

“कंपनीने क्लब काढला.”

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे वाक्य. क्लब कंपनीने काढला नाही. विल्यम स्टॅन्ली नावाच्या कामगाराने आणि त्याच्या सोबत्यांनी काढला. शनिवारी दुपारी सुट्टी मिळू लागल्यावर इंग्लंडच्या कारखान्याकारखान्यांतून असे संघ उभे राहिले. १८७८ साली न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी केलेला संघ आज मँचेस्टर युनायटेड आहे. १८८६ साली वुलिचच्या शस्त्रागारातल्या कामगारांनी केलेला संघ आज आर्सेनल आहे. मालकाने पुढाकार घेतल्याचंही उदाहरण आहे. टेम्स आयर्नवर्क्सचे अर्नोल्ड हिल्स यांनी १८९५ साली उभा केलेला संघ म्हणजे आजचा वेस्ट हॅम. तिथे मालकाला श्रेय द्यावं, ते त्याचं आहे. कोव्हेंट्रीत ते स्टॅन्लीचं आणि त्याच्याबरोबर खेळणाऱ्यांचं आहे.

“पण नाव तर कंपनीचंच होतं ना?” असं कोणी विचारेल. होतं, कारण सगळे काम तिथेच करत होते. डॉवेल्स फील्ड नावाच्या मैदानावर त्यांनी सुरुवात केली, मग स्टोक रोडला गेले. १८९१ आणि १८९२ असा लागोपाठ दोनदा बर्मिंगहॅम ज्युनिअर कप जिंकला. हे सगळं सिंगर्स या नावाने, सायकली बनवणाऱ्या हातांनी. संघ एका कारखान्यापुरता न राहता शहराचा झाला तेव्हा नावही शहराचं घेतलं, आणि १८९९ साली हायफील्ड रोडच्या मैदानावर बस्तान बसवलं. तिथे क्लब २००५ पर्यंत खेळला. १९१९ साली फुटबॉल लीगमध्ये प्रवेश, १९६७ पासून सलग ३४ वर्षं सर्वोच्च विभागात, आणि १९८७ साली वेम्बलीवर टॉटनमला जादा वेळेत ३-२ ने हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली मानाची बाद पद्धतीची स्पर्धा.

तेव्हा तो मजकूर पुन्हा तुमच्यापर्यंत आला तर पाठवणाऱ्याला विल्यम स्टॅन्ली हे नाव जरूर कळवा.